सत्यशोधक विवाह

भटजी, मुहूर्त, कन्यादान आणि हुंडा यांना फाटा देऊन, वधूवरांनी एकमेकांना चारचौघांत दिलेल्या शपथेवर लागणारे लग्न. जोतीराव फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला आणि तीन महिन्यांत, २५ डिसेंबरला, या पद्धतीचे पहिले लग्न लागले. वर सीताराम जबाजी आल्हाट, वधू सावित्रीबाईंच्या मैत्रीण बजूबाई निंबणकर यांची मुलगी राधा. खर्च काय तो विड्याच्या पानांचा. पुढच्या वर्षी मे महिन्यात हडपसरच्या ग्यानोबा ससाणे यांचे लग्न लागले, तेव्हा विरोध एवढा पेटला की पोलिसांचा बंदोबस्त घ्यावा लागला. याच ससाण्यांच्या मुलीशी ४ फेब्रुवारी १८८९ रोजी फुले दांपत्याचा दत्तक मुलगा यशवंत याचे लग्न झाले. दोघांची ओळख व्हावी म्हणून सावित्रीबाईंनी लग्नाआधीच तिला घरी राहायला आणले होते. त्या काळात ही गोष्ट भटजी वगळण्यापेक्षाही जास्त धीटपणाची म्हणायला हवी.

देव आणि माणूस यांच्यामध्ये दलाल नको, हे समाजाचे मूळ तत्त्व. ते व्याख्यानात ऐकून सोडून देता येते. मांडवात मात्र सगळा गाव बघत असतो आणि दक्षिणा प्रत्यक्ष बुडते. म्हणून या पद्धतीवरचे पहिले मोठे भांडण धर्मशास्त्राचे झाले नाही, वतनाचे झाले. जुन्नर तालुक्यातील ओतूरच्या बाळाजी कुसाजी पाटलांनी ग्रामजोशाला, म्हणजे गावच्या वतनदार भटजीला, न बोलावता घरची लग्ने लावली. जोशांनी हक्क बुडाला म्हणून दावा लावला आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले. तिथे निकाल यजमानाच्या बाजूने लागला. तरी वंशपरंपरागत जोशीपणाचा प्रश्न मिटायला १९२६ उजाडले. सी. के. बोले यांनी लावून धरलेल्या विधेयकाचा कायदा झाला आणि न बोलावलेल्या जोशाला दक्षिणेवर हक्क सांगता येईनासा झाला. कोल्हापुरात शाहू महाराजांच्या आश्रयाने १९११ मध्ये समाजाची शाखा निघाली आणि बहुजन समाजातील मुलांना विधी शिकवून पुरोहित तयार करण्यात आले. जोतीरावांना पुरोहितच नको होता, की फक्त जातीचा मक्ता नको होता, हा प्रश्न त्यातून उभा राहिला.

विधीची पुस्तिका फुल्यांनी १८८७ मध्ये छापली. त्यातील मंगलाष्टके शार्दूलविक्रीडित वृत्तात आहेत, म्हणजे मांडवातल्या नेहमीच्या चालीत ती म्हणता येतात. पाहुण्यांच्या कानाला चाल ओळखीची, मजकूर मात्र पार वेगळा. नेहमीच्या लग्नात वधूवर गप्प असतात आणि आशीर्वाद तिसराच देतो. इथे ती दोघेच एकमेकांशी बोलतात. वधू म्हणते, आम्हा बायकांना स्वातंत्र्याचा अनुभवच नाही, तो हक्क देशील अशी शपथ घे. वर उत्तर देतो, बायकांचे हक्क स्थापन करण्यासाठी झटेन, त्यासाठी खर्चाला भिणार नाही.

आज लागणाऱ्या लग्नांचा क्रम साधारण असा असतो. जोतीराव, सावित्रीबाई आणि बहुतेक ठिकाणी शाहू महाराज व बाबासाहेब आंबेडकर यांच्या प्रतिमांना हार, वधूवरांचा आणि दोन्ही आईवडिलांचा परिचय, सत्यशोधक पद्धतीची माहिती, अखंडाचे (जोतीरावांच्या अभंगासारख्या पद्यरचनेचे) गायन, मग मंगलाष्टके, शपथ, हार घालणे. विधवा आई किंवा आत्या मागे उभी न राहता पुढे असते. अक्षतांऐवजी फुलांच्या पाकळ्या देतात. विधिकर्ता, म्हणजे लग्न लावणारा, कोणत्याही जातीचा, स्त्री किंवा पुरुष चालतो. सगळे तासाभरात उरकते.

फसते ते शपथेपाशी. जुनी मराठी सरावाशिवाय वाचली की शब्द अडतात, माईक विधिकर्त्याच्या हातात राहतो आणि वधूचा आवाज दुसऱ्या रांगेतही पोहोचत नाही. म्हणून आदल्या दिवशी दोघांकडून मोठ्याने वाचून घ्यावे. जड वाटल्यास आशय तोच ठेवून साध्या गद्यात लिहून द्यावे. दुसरी गडबड घरच्यांच्या समजुतीतून होते: सकाळी भटजींकडून सप्तपदी, संध्याकाळी सत्यशोधक सोहळा. हुंडा ठरलेला आणि जन्मपत्रिका जुळवलेली असताना नुसत्या प्रतिमा मांडल्या, तर त्या लग्नाला सत्यशोधक म्हणण्यात अर्थ नाही.

कायद्याची बाजू आधी पाहावी. हिंदू विवाह कायदा १९५५, कलम ७ नुसार लग्न कोणत्या तरी एका पक्षाच्या रूढ विधींनी लागावे लागते. नोंदणीचा कागद विधीची जागा घेत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये पुन्हा सांगितले. पुरोहिताविना लागणाऱ्या स्वाभिमान विवाहांसाठी तमिळनाडूने याच कायद्यात कलम ७-अ घातले. महाराष्ट्रात तशी तरतूद नाही. तेव्हा वाद नको असेल तर विशेष विवाह कायदा १९५४ खाली लग्न लावून समारंभ वेगळा करणे सर्वांत सुरक्षित. दोघांपैकी एकाचे त्या जिल्ह्यात नोटिशीआधी किमान ३० दिवस वास्तव्य हवे. नोटीस दिल्यावर आक्षेपांसाठी ३० दिवस थांबावे लागते आणि नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत लग्न झाले नाही तर नवी नोटीस द्यावी लागते. मांडव आधी ठरवून नोटीस मागाहून देणाऱ्यांची इथेच पंचाईत होते. अधिकाऱ्यासमोर तीन साक्षीदार लागतात.

फक्त समारंभाने लग्न लावून महाराष्ट्राच्या १९९८ च्या विवाह नोंदणी कायद्याखाली नोंद करायची असेल, तर नमुना 'ड' ९० दिवसांत भरून द्यावा. त्यात लग्न लावणाऱ्या पुरोहिताचे नाव आणि सही मागितलेली असते. तिथे विधिकर्त्याने सही करायची. रकाना रिकामा सोडला की अर्ज परत येण्याची शक्यता असते.