ठिबकचा टायमर पन्नासाव्या दिवशी का चुकतो?

तासगाव-पलूसच्या द्राक्षबागेत ठिबकचे व्हॉल्व्ह टायमरवर चालवायचे, तर कंट्रोलर घरीही बनवता येतो. डिप्लोमाची मुलं आर्डुइनोचा बोर्ड (प्रोग्रॅम भरता येणारा छोटा सर्किट बोर्ड) आणि रिले (विजेवर चालू-बंद होणारा स्विच) जोडून तो आवडीने करतात. चार दिवस तो चोख चालतो. खरी परीक्षा पन्नासाव्या दिवशी.

सुरू झाल्यापासून किती मिलिसेकंद झाले, हे बोर्ड सतत मोजत असतो. त्यासाठी जागा ३२ बिटांची (बिट म्हणजे ० किंवा १ असा एक अंक), म्हणजे जास्तीत जास्त ४,२९,४९,६७,२९५. ४९ दिवस १७ तासांनी हा आकडा भरतो आणि गाडीच्या किलोमीटर मीटरसारखी मोजणी पुन्हा शून्यावर येते.

हा काही बिघाड नव्हे. घोटाळा होतो प्रोग्रॅममधल्या बेरजेत. समजा, ४,२९,४९,००,००० वर व्हॉल्व्ह उघडला आणि दहा मिनिटांनी, म्हणजे ६,००,००० मिलिसेकंदांनी, तो बंद करायचा आहे. बेरीज ३२ बिटांत मावत नाही, उरतात ५,३२,७०४. मोजणी तर आधीच त्याच्या कितीतरी पुढे आहे, त्यामुळे ‘वेळ झाली’ असं समजून पाणी लगेच बंद. बेरीज ६४ बिटांत ठेवली, तर तेवढा आकडा कधी येतच नाही आणि व्हॉल्व्ह उघडाच राहतो. मणी फुगायच्या दिवसांत दोन्ही महागात पडतं.

इथे बेरजेऐवजी वजाबाकी करावी: आत्ताची मोजणी वजा सुरुवातीची. ३२ बिटांच्या चिन्हरहित (ऋण आकडे नसलेल्या) गणितात ५,३२,७०४ मधून ४,२९,४९,००,००० वजा केले, तर उत्तर बरोब्बर ६,००,००० येतं, कारण वजाबाकीही त्याच चक्रात फिरते. मला हे फार सुंदर वाटतं.

आपल्याकडे हा दोष लोडशेडिंगमुळे झाकला जातो. लाईट गेली की बोर्ड बंद, आली की मोजणी शून्यापासून. तोच कंट्रोलर सोलर आणि बॅटरीवर नेला की अखंड चालतो आणि चूक बाहेर येते. शेतकऱ्याला वाटतं, सोलरनेच बिघडवलं!

मोठ्या यंत्रणाही यातून सुटलेल्या नाहीत. विंडोज ९५ सलग ४९.७ दिवस चाललं की गोठायचं. बोइंग ७८७ च्या जनरेटर नियंत्रकांत २४८ दिवसांनी मोजणी ओसंडते, असं आढळल्यावर २०१५ मध्ये अमेरिकेच्या विमान प्रशासनाने त्यांचा वीजपुरवठा ठरावीक काळाने बंद-चालू करायला लावला.

कंट्रोलर बागेत लावण्याआधी त्याची मोजणी शून्याऐवजी ४,२९,४९,००,००० पासून सुरू करून पाहा. मिनिटाभरात ती उलटते आणि व्हॉल्व्ह काय करतो ते समोरच दिसतं.