चक्रीय सममित संरचनांचे कंपन-विश्लेषण (सांत घटक पद्धती)

एकच खंड अक्षाभोवती समान कोनांवर पुन्हा पुन्हा येऊन बनलेल्या संरचनेची (उदा., टरबाइनची पातेयुक्त चकती, पंख्याचे चाक) कंपने त्या एका खंडाच्या, लहान लहान घटकांच्या जाळ्यात विभागलेल्या, प्रतिमानावरून काढण्याची पद्धत.

पद्धतीचा उगम सामान्यतः डी. एल. टॉमस यांच्या १९७९ मधील निबंधात मानला जातो. मात्र मॅकनील व सहकाऱ्यांनी १९७३ च्या सुमारास नास्ट्रान या संगणक-प्रणालीत चक्रीय सममितीची सोय केली होती, आणि गणिती बीज फ्लोके यांच्या आवर्ती सहगुणकांच्या विकलक समीकरणांवरील (१८८३) व ब्लॉख यांच्या स्फटिकांसारख्या आवर्ती माध्यमांवरील (१९२८) कामात आहे. त्यामुळे टॉमस यांना जनक म्हणण्यापेक्षा सुसूत्र मांडणीचे श्रेय देणे अधिक सयुक्तिक वाटते. फिरत्या चकत्यांवरील कँपबेल यांचे प्रयोग (१९२४) याच्याही बरेच आधीचे.

खंडांची संख्या न व निस्पंद व्यासांची (कंपनात स्थिर राहणाऱ्या व्यासरेषांची) संख्या प असल्यास, लगतच्या दोन खंडांच्या कंपनांत ३६०° × प ÷ न एवढा कलाभेद (कंपनचक्रातील पुढे-मागेपणा) असतो. खंडाच्या दोन छेदपृष्ठांवर हीच अट घातली की संमिश्र, हर्मिशियन आव्यूह (कर्णाच्या दोन बाजूंचे समोरासमोरचे अंक परस्परांचे संमिश्र संयुग्मी असलेले कोष्टक) मिळतात. दोन्ही पृष्ठांवरील जाळे तंतोतंत जुळलेले असल्यास अट घालणे सोपे जाते. ३६ पात्यांच्या चकतीसाठी प = ० ते १८ अशी १९ लहान गणिते सोडवावी लागतात; त्यांपैकी दोन टोकांची सोडून उरलेल्या १७ गणितांत प्रत्येक कंप्रता (दर सेकंदाची कंपनसंख्या) दुहेरी येते. अक्षावरील बिंदू घोटाळ्याचे: प = ० असता ते केवळ अक्षाच्या दिशेने सरकतात वा अक्षाभोवती फिरतात, प = १ असता आडवे सरकतात वा कलतात, आणि त्यापुढे स्थिरच राहतात.

वेळेच्या बचतीइतकाच मोठा लाभ म्हणजे कंपनरूपांची प नुसार आपोआप होणारी वर्गवारी. अनुस्पंदन (बाहेरच्या धक्क्यांनी कंपन फार वाढणे) होण्यास कंप्रता जुळणे पुरेसे नसते, प देखील जुळावा लागतो. वरील चकतीपुढे ४४ स्थिर पाती असल्यास त्यांचे मूळ उद्दीपन (त्यांच्यामुळे प्रवाहातून पात्यांना बसणारे, एका फेरीत ४४ वेळा येणारे धक्के) ४४ − ३६ = ८ निस्पंद व्यासांचे रूप चाळवते. २८ असली तरी तेच रूप, पण तरंग उलट दिशेने फिरतो.

प्रत्यक्षात पाती तंतोतंत सारखी नसतात. अशा विषमतेमुळे एखाद्या पात्याचा परमप्रसर (कंपनाचा कमाल पल्ला), काही गृहीतकांखाली, (१ + √न) ÷ २ पटींपर्यंत वाढू शकतो, असे व्हाइटहेड यांनी १९६६ मध्ये दाखवले. ३६ पात्यांसाठी ही वाढ ३.५ पट भरते. तेथे एका खंडाचे प्रतिमान अपुरे पडते.