अलीला हरवणारा संगणक

२० जानेवारी १९७० ला अमेरिकेतल्या चित्रपटगृहांत लोकांनी तिकीट काढून बॉक्सिंगची एक लढत पाहिली. ती झालीच नव्हती. एकीकडे रॉकी मार्सियानो, ४९ पैकी ४९ लढती जिंकून १९५६ मध्ये निवृत्त झालेला. दुसरीकडे मुहम्मद अली, तोवर अपराजित, पण सैन्यात भरती व्हायला नकार दिल्याने रिंगबाहेर बसवलेला. मायामीतल्या स्टुडिओत दोघांनी एकेक मिनिटाच्या सत्तरेक फेऱ्यांचं नाटक केलं होतं. मार्सियानोने त्यासाठी वीसेक किलो वजन उतरवलं, टकलावर टोपही चढवला. कोण जिंकणार हे म्हणे एनसीआर ३१५ या संगणकाने ठरवलं: तेराव्या फेरीत अली आडवा. ते पाहायला मार्सियानो मात्र उरला नव्हता. चित्रीकरणानंतर काही आठवड्यांतच तो विमान अपघातात गेला. आणि गंमत म्हणजे ब्रिटनमध्ये अली जिंकतो तो शेवट दाखवला गेला!

संगणकाला बोल लावू नये. त्याच्या पोटात गेलेले आकडे, म्हणजे ठोशाचा जोर, चपळाई, मार सोसण्याची ताकद, हे जाणकारांनी आपल्या मतानुसार दिलेले गुणच होते.

मग मतं बाजूला ठेवून नुसते निकाल घेतले तर? बुद्धिबळातली एलो पद्धत (निकालांवरून खेळाडूंना गुण देणारी) तेच करते. पण दोन काळांतले खेळाडू जोडायला मधे दुवा लागतो. इथे तो आहे: आर्ची मूर. १९५५ मध्ये मूरने मार्सियानोला दुसऱ्या फेरीत खाली पाडलं आणि नवव्या फेरीत स्वतः गारद झाला. १९६२ मध्ये अलीने (तेव्हाचा कॅशियस क्ले) त्याला चौथ्याच फेरीत संपवलं. म्हणजे अली सरस? छे. पहिल्या वेळी मूर ३८ वर्षांचा होता, दुसऱ्या वेळी ४५ चा. फूटपट्टीच आखडली होती.

समजा वयाचा हिशेबही जमला, तरी खरी अडचण पुढेच आहे. 'अ' ने 'ब' ला आणि 'ब' ने 'क' ला हरवलं, म्हणून 'अ' हा 'क' ला हरवेलच असं नाही. गणितात याला असंक्रमक संबंध म्हणतात. बॉक्सिंगमध्ये त्याचं कारण शैलीत असतं. अपरकट (खालून वर मारलेला ठोसा) मारताना अलीचा उजवा हात आधी खाली यायचा, आणि त्या फटीतून बॉक्सर जो फ्रेझियरचा डावा हुक (बाजूने वळवून मारलेला ठोसा) घुसायचा. १९७१ मध्ये फ्रेझियर जिंकला. तोच फ्रेझियर वाकून, डुलत पुढे यायचा, आणि नेमका जॉर्ज फोरमनच्या खालून येणाऱ्या ठोशांवर जाऊन आदळायचा. १९७३ मध्ये दोन फेऱ्यांत सहा वेळा पडला.

१९७४ च्या आफ्रिकेतल्या किन्शासा शहरातल्या अली-फोरमन लढतीआधी पैजा फोरमनच्याच बाजूने होत्या. हिशेब सरळ होता: फ्रेझियर आणि केन नॉर्टन या दोघांनी अलीला एकेकदा हरवलेलं, आणि त्या दोघांनाही फोरमनने दुसऱ्याच फेरीत गार केलेलं. अली दोरांना टेकून उभा राहिला, फोरमनला हात दुखेपर्यंत मारू दिलं आणि आठव्या फेरीत त्याला लोळवलं.