यंत्र रिकामं दिसलं म्हणून बिघडलं कुठे?

भोसरी, सातपूर, वाळूज, गोकुळ शिरगाव. कुठल्याही एमआयडीसीत जा आणि छोट्या कारखान्याच्या मालकाला विचारा, तुम्हाला सगळ्यात जास्त काय खुपतं? उत्तर ठरलेलं असतं: बंद मशीन. बँकेचा हप्ता चालू, ऑपरेटरचा पगार चालू, आणि कर्ज काढून घेतलेली व्हीएमसी (धातू कापणारं संगणकचलित यंत्र) गप्प उभी. मग सुपरवायझर शोधाशोध करून तिच्यावर काहीतरी चढवतोच, भले तो जॉब पुढच्या महिन्याच्या ऑर्डरचा असो. मशीन-लोडिंगचा, म्हणजे मशीन किती टक्के वेळ गुंतलंय याचा आकडा शंभराकडे सरकला की सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. खंडेनवमीचा दिवस सोडला, तर थांबलेल्या यंत्राला आपल्याकडे कुणी हात जोडत नाही.

आणि नेमक्या याच कारखान्यात 'अर्जंट' लिहिलेल्या चिठ्ठ्यांचे ट्रे वाटेत अडकलेले असतात, गिऱ्हाइकाचे फोन येत असतात, डिस्पॅचवाला रडकुंडीला आलेला असतो. या दोन गोष्टी शेजारी शेजारी नांदतात, कारण पहिली दुसरीला जन्म देते. लीन मॅन्युफॅक्चरिंगच्या, म्हणजे साठा आणि वाया जाणारा वेळ कमी करत जाणाऱ्या उत्पादनपद्धतीच्या नावाखाली आपल्याकडे फाइव्ह एसचे (नीटनेटकेपणाच्या पाच पायऱ्यांचे) फलक, जमिनीवरचे पिवळे पट्टे आणि कायझेनची (छोट्या छोट्या सुधारणांची) सूचनापेटी भरपूर शिकवली जाते. त्यामागचं गणित मात्र सहसा कुणी सांगत नाही. मला त्या गणिताचंच वेड आहे, त्यामुळे पट्ट्यांबद्दल इथे फारसं काही मिळणार नाही.

इतिहास थोडक्यात. १९५० साली टोयोटाचे एइजी टोयोडा अमेरिकेत फोर्डचा रूज कारखाना बघायला गेले. टोयोटाने १९३७पासून तोवर सगळ्या मिळून २,६८५ मोटारी बनवल्या होत्या (ट्रक वेगळे). रूजमधून दिवसाला सुमारे ७,००० बाहेर पडत. फोर्डची नक्कल करायला ना पैसा होता, ना तेवढं गिऱ्हाईक. एकाच प्रेसवर थोड्या थोड्या संख्येने अनेक प्रकारचे भाग काढावे लागणार होते आणि साठा करायला भांडवल नव्हतं. टोयोटाचेच अभियंते ताइइची ओनो यांनी या अडचणीतून पुढच्या दोन-अडीच दशकांत जी पद्धत उभी केली, तिला 'लीन' हे नाव मात्र अमेरिकेत मिळालं. जॉन क्रॅफचिक या संशोधकाने १९८८ साली ते एका लेखात वापरलं. ओनोंनी सूत्रं मांडली नाहीत, ते यंत्रांपाशी उभे राहून शिकले. सूत्रं दुसरीकडे तयार होत होती, आणि त्यातली दोन महत्त्वाची एकाच वर्षी, १९६१ साली, छापली गेली.

पहिलं सूत्र जॉन लिटल या अमेरिकन संशोधकाचं. पंढरपूरच्या दर्शनबारीत उभं राहिलेल्या प्रत्येकाने ते नकळत वापरलेलं असतं. समजा बारीत १८,००० वारकरी आहेत आणि मिनिटाला ३० जणांचं दर्शन होतंय. आत्ता शेवटी उभं राहणाऱ्याला ६०० मिनिटं, म्हणजे दहा तास लागणार. बारी किती वळणं घेते, मंडपाचे मजले किती, मधे चहा मिळतो का, याने उत्तर बदलत नाही. आत असलेली संख्या भागिले बाहेर पडण्याचा वेग, बरोबर लागणारा सरासरी वेळ. हे इतकं उघड वाटतं की सिद्ध काय करायचं असा प्रश्न पडावा. पण लिटल यांनी दाखवलं की येणाऱ्यांचा क्रम कसाही असो, सेवेचा वेळ कसाही बदलो, दीर्घकाळाची सरासरी घेतली आणि व्यवस्था स्थिर असली, तर हे खरंच राहतं.

आता हे कारखान्यात आणू. रोज २०० नग डिस्पॅच होतात आणि कच्च्या मालापासून पॅकिंगपर्यंत सगळीकडे मिळून ३,००० नग पडलेत. म्हणजे आज आत शिरलेला नग पंधरा दिवसांनी बाहेर पडणार. त्याच्यावर प्रत्यक्ष काम कदाचित चाळीस मिनिटांचं असेल. बाकी सगळा वेळ तो ट्रेमध्ये बसून राहतो. आणि मशीन रिकामं दिसू नये म्हणून सुपरवायझरने आणखी १,००० नग आत ढकलले, पण डिस्पॅचचा वेग तोच राहिला, तर पंधराचे वीस दिवस होतात. कुणीही कामचुकारपणा न करता. कानबान या टोयोटाच्या पद्धतीतल्या कार्डांचं काम नेमकं हेच: कार्ड असेल तरच पुढचा नग बनवायचा, आणि कार्डं मोजकीच ठेवायची. आत किती माल असू शकतो, याला वरून झाकण बसतं.

पण मुळात हे नग रांगेत का साचतात? यंत्राची क्षमता कामापेक्षा जास्त असेल तर रांग लागायलाच नको, असं आपलं मन सांगतं. इथेच सगळे फसतात.

कामं घड्याळाच्या ठोक्याला येत नाहीत. सकाळी दोन तास काहीच नसतं, दुपारी तीन जॉब एकदम येऊन पडतात. सकाळचा मोकळा वेळ डब्यात भरून दुपारी काढता येत नाही; तो गेला तो गेला. दुपारची रांग मात्र उरते. ती फेडायची तर पुढच्या मोकळ्या वेळातूनच. म्हणून मोकळा वेळ किती आहे यावर सगळं अवलंबून. यंत्र ८० टक्के गुंतलेलं असेल तर तासाला २० टक्के वेळ हाताशी आहे. एक तासाचा खोळंबा झाला, तर सरासरीने पाच तासांत तो भरून निघेल. यंत्र ९९ टक्के गुंतलेलं असेल, तर तोच एक तास भरून निघायला शंभर तास लागतील. आणि त्या शंभर तासांत दुसरं काही बिघडणार नाही, असं कोण लिहून देणार?

रांगांच्या या गणिताचा पाया १९०९ साली कोपनहेगनमध्ये टेलिफोन कंपनीतल्या अर्लांग यांनी घातला. त्या परंपरेतल्या सगळ्यात साध्या प्रारूपात, जिथे कामं यादृच्छिक येतात आणि प्रत्येकाला लागणारा वेळही तसाच कमीजास्त होतो, रांगेतली सरासरी वाट अशी निघते: गुंतलेला भाग भागिले मोकळा भाग, गुणिले एका कामाचा वेळ. काम तासाचं धरा. यंत्र ५० टक्के गुंतलेलं असेल तर वाट एक तास. ८० टक्क्यांना चार. ९० टक्क्यांना नऊ. ९५ला एकोणीस. ९९ला नव्याण्णव तास, म्हणजे दोन पाळ्यांच्या कारखान्यात सहा दिवसांहून थोडी जास्त. पन्नासावरून ऐंशीवर जाताना तीन तास वाढले. पंच्याण्णववरून नव्याण्णववर जाताना ऐंशी. शंभर टक्क्यांना उत्तर अनंत येतं. मालकाच्या स्वप्नातला आकडा तोच असतो.

मग टोयोटा काय, यंत्रं निम्मी रिकामी ठेवते? नाही. इथे १९६१चं दुसरं सूत्र येतं. ते जॉन किंगमन या बावीस वर्षांच्या ब्रिटिश गणितज्ञाचं. जरा नेट लावून वाचा. हा भाग वगळलात तर बाकीचा लेख वाचून फारसा उपयोग नाही.

किंगमन म्हणतात, भारी गर्दीत वाट ही साधारण तीन गोष्टींचा गुणाकार असते. एक, वर पाहिलेलं गुंतलेला भागिले मोकळा. दोन, एका कामाचा सरासरी वेळ. आणि तीन, चढउतार. हा चढउतार दोन ठिकाणचा: कामं येण्यातला आणि कामं करण्यातला. प्रत्येकाचं प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून साधारण किती ढळतात याचं माप) त्याच्या सरासरीने भागायचं, त्या गुणोत्तराचा वर्ग करायचा, आणि दोन वर्गांची सरासरी घ्यायची. अर्लांगच्या प्रारूपात दोन्ही गुणोत्तरं १, म्हणून तिसरी गोष्ट दिसत नाही. १ने गुणून काय फरक पडणार. पण तिथे वर्ग आहे हे विसरू नका. दोन्ही गुणोत्तरं निम्मी केली तर वाट निम्मी नाही, पाव होते. ९५ टक्के गुंतलेल्या यंत्रापुढची एकोणीस तासांची वाट पावणेपाच तासांवर येते. चढउतार तसाच ठेवून एवढी वाट हवी असती, तर यंत्र ८३ टक्क्यांच्याही खाली ठेवावं लागलं असतं. म्हणजे चढउतार निम्मा करणं हे सुमारे पंधरा टक्के जादा क्षमता फुकट मिळण्यासारखं आहे, नवं मशीन न घेता.

आता कायझेनमधल्या त्या किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी पुन्हा पाहा. पाना शोधायला कधी अर्धा मिनिट तर कधी दहा मिनिटं लागतात, म्हणून त्याची जागा ठरवली. नग उलटा बसूच नये म्हणून जिगला (नग पकडून ठेवणाऱ्या साच्याला) एक पिन लावली. बेअरिंग फुटायची वाट न पाहता ठरल्या दिवशी बदललं. सोमवारी सगळे लाल नग आणि शुक्रवारी सगळे निळे असं न करता रोज थोडे थोडे मिसळून काढले. यातल्या एकानेही कामाचा वेग फारसा वाढत नाही. चारही चढउतारावर घाव घालतात, आणि तिथे वर्ग बसलेला आहे.

चढउताराचा सगळ्यात मोठा कारखाना म्हणजे लॉट, एकाच प्रकारच्या नगांचा एकदम काढलेला गठ्ठा. हजार नगांचा लॉट आला की मागचे सगळे ताटकळतात. पण लॉट मोठा का करतो आपण? डाय (नगाला आकार देणारा साचा) बदलायला, म्हणजे सेटिंगला वेळ लागतो म्हणून. १९१३ साली फोर्ड हॅरिस (मोटारवाल्या फोर्डचा इथे संबंध नाही) या अमेरिकन अभियंत्याने किफायतशीर लॉटचं सूत्र दिलं: लॉटचा आकार सेटिंगच्या खर्चाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात ठेवावा. पुढची कित्येक दशकं अभियंते त्या सूत्रात सेटिंगचा आकडा भरत राहिले. तो आकडा बदलता येतो, हे शिगेओ शिंगो या जपानी अभियंत्याने दाखवलं. १९६९ साली टोयोटाच्या हजार टनी प्रेसवर डाय बदलायला चार तास लागत. आधी तो वेळ दीड तासावर आला, मग तीन मिनिटांवर. जादू काही नव्हती. प्रेस थांबण्याआधीच जे करता येईल ते आधी करायचं: पुढची डाय बाजूला आणून ठेवायची, बोल्ट हाताशी, सगळ्या डायांची बसण्याची उंची सारखी. शिंगोंचं एक निरीक्षण मला फार आवडतं. नटाचे पंधरा आटे फिरवा, घट्ट तो शेवटच्या आट्यातच होतो. मग आधीचे चौदा फिरवायचेच कशाला? चार तासांचे तीन मिनिटं म्हणजे ऐंशी पट घट. ऐंशीचं वर्गमूळ नऊच्या जवळ. हॅरिसच्याच सूत्राने ९०० नगांचा लॉट १००वर येतो.

आपल्याकडे सेटिंगचा वेळ वाचला की लगेच त्यात जादा नग काढतात. लॉट तेवढाच राहतो आणि सगळी मेहनत वाया जाते.

या विषयाभोवती भाबडेपणाही पुष्कळ आहे. मुंबईचे डबेवाले 'सिक्स सिग्मा प्रमाणित' (दहा लाखांत जेमतेम तीन-चार चुका करणारे) असल्याचं दर वर्षी कुठल्या तरी व्याख्यानात ऐकू येतं आणि दाखला फोर्ब्सचा देतात. फोर्ब्स हे नियतकालिक आहे, ते असलं प्रमाणपत्र कुणालाच देत नाही. डबेवाल्यांची शिस्त अस्सल आहे, तिला असल्या खोट्या पदकाची गरज नाही. दुसरीकडे वास्तुतज्ज्ञांच्या सल्ल्याने लेथचं तोंड पूर्वेला फिरवणारे लोक आहेत. किंगमनच्या सूत्रात तीन पदं आहेत, दिशेचं एकही नाही. उलट हलवाहलवीत वाया गेलेली पाळी पहिल्या पदात हजर होते.

'लीन म्हणजे साठा शून्य' ही समजूतही तशीच. चढउतार उरलाच, तर त्याची किंमत तीन चलनांपैकी एकात मोजावी लागते: साठा, मोकळी क्षमता किंवा गिऱ्हाइकाचा वेळ. चौथं चलन नाही. टोयोटाने बहुतांशी मोकळी क्षमता निवडली; दोन पाळ्यांमध्ये मुद्दाम मोकळा वेळ ठेवला, मागे पडलेलं काम आणि देखभाल त्यात उरकायची. पण प्रत्येक धक्का त्या मोकळ्या वेळात मावत नाही. १ फेब्रुवारी १९९७ रोजी आइसिन कंपनीच्या कारिया इथल्या कारखान्याला आग लागली. ब्रेकचा एक छोटा व्हॉल्व जवळपास सगळा तिथेच बनत असे आणि टोयोटाकडे साठा काही तासांचा. जपानमधले तिचे कारखाने थांबले. इतर पुरवठादारांनी आपापल्या यंत्रांवर तो व्हॉल्व काढायला घेतला आणि आठवडाभरात गाडी बरीचशी रुळावर आली.

जपानमधल्या २०११च्या भूकंपानंतर मात्र टोयोटाने चिपसारख्या, बनायला महिने लागणाऱ्या भागांपुरतं चलन बदललं आणि पुरवठादारांना दोन ते सहा महिन्यांचा साठा ठेवायला सांगितलं. २०२१च्या सुरुवातीला चिपअभावी इतर मोटार कंपन्यांची असेंब्ली लाइन थांबत होती, तेव्हा टोयोटा बरीचशी चालू होती. ऑगस्टपर्यंत तो साठाही ओसरला, आग्नेय आशियातल्या पुरवठादारांकडे करोना पसरला, आणि सप्टेंबरच्या जागतिक उत्पादनात ४० टक्के कपात करणार असल्याचं टोयोटाला जाहीर करावं लागलं.