नकाशा काढायचाय की वापरायचाय? ऑब्सिडियनमधली एक्सकॅलिड्रॉ आणि लीफलेट

डन्जन्स अँड ड्रॅगन्ससारखा, पात्रांच्या भूमिका घेऊन खेळायचा खेळ चालवणारे बरेच गेम मास्टर आता आपल्या मोहिमेच्या नोंदी ऑब्सिडियन या नोंदी ठेवायच्या अॅपमध्ये ठेवतात. गावं, पात्रं, अर्धवट राहिलेली वैरं, सगळं मार्कडाउन म्हणजे साध्या मजकुराच्या फायलींत, एकमेकांना लिंक केलेलं. मग नकाशाही इथेच असावा असं वाटतं. त्यासाठी प्लगइन, म्हणजे अॅपला जोडायची पुरवणी, शोधायला गेलं की दोन नावं समोर येतात : एक्सकॅलिड्रॉ आणि लीफलेट. दोन्ही फुकट. दोन्हींत नकाशा ऑब्सिडियनच्या आतच दिसतो, झूम होतो, त्यावरच्या लिंकवर क्लिक केलं की दुसरी नोंद उघडते. त्यामुळे ही एकाच कामाची दोन साधनं वाटतात. तशी ती नाहीत.

एक्सकॅलिड्रॉमध्ये नकाशा काढता येतो. भिंती, दारं, जिने, नदीचं वळण, सगळं हाताने काढल्यासारख्या रेषांत. ग्रिड चालू केली की डन्जनच्या, म्हणजे खेळातल्या भुयारांच्या, खोल्या चौकटीत नीट बसतात. चित्रात दुहेरी चौकटी कंसात [[ ]] नोंदीचं नाव लिहिलं की त्याची लिंक होते. मला यातली सगळ्यात आवडती गोष्ट म्हणजे चित्र वॉल्टमध्येच (ऑब्सिडियनच्या नोंदींच्या फोल्डरमध्ये) मार्कडाउन फाइल म्हणून राहतं आणि चित्रातला मजकूर त्या फाइलमध्ये वेगळा लिहिलेला असतो. त्यामुळे ‘तळघर’ असा शोध घेतला तर नकाशावरचं तळघरसुद्धा सापडतं. मराठीत नावं लिहिणाऱ्यांसाठी एक सूचना : एक्सकॅलिड्रॉच्या हस्ताक्षरी फॉन्टमध्ये देवनागरी नाही, अक्षरं मशीनवरच्या दुसऱ्या फॉन्टमध्ये उमटतात. सेटिंगमध्ये स्वतःचा फॉन्ट देता येतो, तो आधीच देऊन ठेवा.

लीफलेट हे असा नकाशा काढायचं साधन नाही. त्याला तयार चित्र द्यावं लागतं : डन्जन स्क्रॉल किंवा वंडरड्राफ्टसारख्या नकाशे काढायच्या साधनात काढलेलं, किंवा कागदावर काढून स्कॅन केलेलं. मुळात लीफलेट ही वेबवरच्या नकाशांसाठी व्होलोदिमिर अगाफोन्किन यांनी २०११मध्ये आणलेली जावास्क्रिप्ट लायब्ररी, म्हणजे वेबसाइट बनवणाऱ्यांसाठीचा तयार कोड. प्लगइन तीच ऑब्सिडियनमध्ये आणतं. म्हणूनच चित्र दिलं नाही तर ते थेट ओपनस्ट्रीटमॅप हा खऱ्या जगाचा नकाशा उघडतं. आजच्या पुण्यात घडणारा भयखेळ चालवायचा असेल तर हे फार कामाचं आहे.

लीफलेटसाठी नोंदीत एक कोड ब्लॉक (सूचनांचा छोटा तुकडा) लिहायचा, त्यात नकाशाचा आयडी, चित्राचं नाव, उंची. आयडी प्रत्येक नकाशाला वेगळा हवा, कारण राइट क्लिक करून ठेवलेले मार्कर, म्हणजे ठिकाणांच्या खुणा, त्या आयडीच्या नावे प्लगइनच्या डेटा फाइलमध्ये साठतात. नोंदीच्या मजकुरात ते दिसत नाहीत. फक्त मार्कडाउन फायलींचा बॅकअप घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायलाच हवं, नाहीतर नव्या मशीनवर नकाशा येईल आणि खुणा गायब असतील. मार्कर कोड ब्लॉकमध्ये हाताने लिहिले तर मात्र ते नोंदीसोबत जातात.

लीफलेटची खरी ताकद अंतर मोजण्यात आहे. चित्रातला एक चौकोन १०० पिक्सेलचा आणि खेळात तो ५ फुटांचा असेल, तर स्केल ०.०५ आणि एकक फूट असं लिहायचं. मग धनुर्धारी आणि ऑर्कमधलं अंतर दोन क्लिकमध्ये कळतं. खेळाडू ‘पोचतो का?’ विचारून थांबलेले असतात तेव्हा याचं मोल कळतं. एक्सकॅलिड्रॉमध्ये चौकोन मोजत बसावं लागेल.

तेव्हा नकाशा अजून घडतो आहे, दर आठवड्याला एखादी भिंत सरकते आहे, अशा वेळी एक्सकॅलिड्रॉ. नकाशा ठरलेला आहे, मोठा आहे आणि त्यावर पन्नास ठिकाणं लिंक करायची आहेत, तेव्हा लीफलेट. खेळातल्या अख्ख्या राज्याच्या नकाशासाठी मी लीफलेटशिवाय दुसरा विचारही करणार नाही.

दोन्ही एकत्रही नांदतात. एक्सकॅलिड्रॉच्या सेटिंगमध्ये पीएनजी आपोआप एक्सपोर्ट करायची सोय आहे. तीच फाइल लीफलेटला द्यायची. फक्त सुरुवातीलाच नकाशाभोवती एक मोठा आयत काढून ठेवा आणि नंतर त्याच्या बाहेर काही काढू नका. एक्सपोर्ट होणारं चित्र रेखाटनाच्या कडांपर्यंत कापलं जातं. बाहेर एक खोली वाढली की चित्राचं माप बदलतं आणि जुने मार्कर भलत्याच भिंतीवर जाऊन बसतात.