खोलगट छाती: ऑपरेशनचं वय का बदललं?

उरोस्थी (छातीच्या मधलं उभं हाड) आत खचलेल्या मुलाचं ऑपरेशन शाळेत घालण्याआधीच उरकावं, असा सल्ला एकेकाळी सर्रास दिला जाई. आज तोच सर्जन बहुधा म्हणतो, मिसरूड फुटेपर्यंत थांबा.

असं व्यंग 1594 मध्येच नोंदलं गेलं होतं. शस्त्रक्रिया आल्या विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, आणि 1949 मध्ये एक पद्धत रूढ झाली: वाकड्या कूर्चा (बरगड्यांना उरोस्थीशी जोडणारे लवचिक भाग) काढून टाकायच्या, उरोस्थी आडवी छेदून वर उचलायची. लहान वयात हाडं मऊ, जखम लवकर भरते, पुढची चिडवाचिडवीही टळते. हिशेब वेडगळ नव्हता. पण बरगडीची लांबी वाढते ती तिच्या कूर्चेला जोडलेल्या टोकापाशी, आणि काही मुलांत नेमकी तीच जागा दुखावली. मूल वाढलं, छातीचा पिंजरा मात्र तेवढाच राहिला. पळताना धाप लागू लागली.

1996 च्या एका अमेरिकी निबंधाने हे उघड मांडलं. त्याच्या मते या उपचारात दोष दोन होते: ऑपरेशन फार लवकर झालं आणि कूर्चा फार काढल्या. लोकांच्या लक्षात राहिलं ते फक्त ‘लवकर’. वाद अजून मिटलेला नाही. माझ्या मते मोठा दोष कापाकापीचा होता, वयाचा त्यानंतर.

दोनच वर्षांनी, 1998 मध्ये, कूर्चा न कापता उरोस्थीमागून वाकवलेली पोलादी पट्टी घालण्याची पद्धत प्रसिद्ध झाली. तिचा पहिला प्रयोग 1987 चा. गंमत म्हणजे ही पट्टीही सुरुवातीला लहान मुलांनाच घातली जाई. पण ती काढल्यावर उंची झपाट्याने वाढायची आणि खळगा परतायचा. म्हणून वय पुढे सरकलं; आता पट्टी साधारण तीन वर्षं ठेवतात.

खळगा मोजण्यासाठी सीटी स्कॅनवर छातीची आतली रुंदी भागिले उरोस्थीपासून मणक्यापर्यंतचं अंतर काढतात. 3.25 च्या वर गेलं की ऑपरेशनचा विचार होतो, पण आकडा एकटा निर्णय देत नाही.

पुढे आलेल्या, कबुतरासारख्या छातीला आपल्याकडे सरळ ‘मुडदूस’ म्हणतात. मुडदुसाने तशी छाती होते हे खरं, पण वयात येताना पुढे येणाऱ्या बहुतेक छात्यांशी त्याचा संबंध नसतो. त्यांना आता आधी दाबपट्टा देतात. कूर्चा लवचिक आहेत तोवरच तो काम करतो, म्हणून इथे उलट उशीर नडतो.