माकडताप : कोकणातील प्रसार, रेणवीय निदान व औषधशोध

गोचिडांमार्फत माणसाला होणारा विषाणुजन्य रक्तस्रावी ज्वर. शास्त्रीय नाव क्यासनूर अरण्यरोग. कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात १९५७ मध्ये माकडे मरू लागल्यावर त्याचा शोध लागला. कोकणपट्टीत नोंद बरीच उशिरा झाली : गोव्याच्या सत्तरी तालुक्यात २०१५ मध्ये, सिंधुदुर्गच्या दोडामार्ग तालुक्यातील केर येथे २०१६ च्या आरंभी आणि त्यानंतर बांदा परिसरात.

विषाणूच्या उगमाबद्दल एकमत नाही. रशियन वसंत-ग्रीष्म मस्तिष्कशोथाचा विषाणू त्याच्या गोत्रातला असल्याने, स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांनी तो उत्तरेकडून आणला असावा असा तर्क प्रथम मांडला गेला. परंतु १९५७ पूर्वीच सौराष्ट्र-कच्छमधील काही रहिवाशांच्या रक्तद्रवात या गटाविरुद्धची प्रतिपिंडे आढळली होती, त्यामुळे अलीकडच्या आगमनाची कल्पना दुबळी ठरते. पुढे सौदी अरेबियात अलखुर्मा हा त्याहूनही निकटचा विषाणू सापडला आणि वाद कालमापनाकडे वळला. जनुकांच्या अंशतः अनुक्रमांवर आधारलेल्या २००९ च्या विश्लेषणाने भारतीय व सौदी विभेदांचा (विषाणूच्या उपप्रकारांचा) समान पूर्वज १९४२ च्या सुमाराचा मानला. पूर्ण जीनोम (संपूर्ण जनुकसंच) तपासणाऱ्या २०११ च्या अभ्यासाने मात्र क्यासनूर व अलखुर्मा यांची फारकत सुमारे ७०० वर्षे मागे नेली. रेणवीय घड्याळ (जनुकीय बदलांच्या वेगावरून काळ मोजण्याची रीत) नमुन्यांच्या निवडीप्रमाणे पुढेमागे होते हे खरे. तरी पूर्ण जीनोमाचा आधार असलेले दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. २०२० च्या वंशभौगोलिक (वंशवृक्षावरून प्रसाराचा मार्ग शोधणाऱ्या) अभ्यासानुसार गोवा व महाराष्ट्रातील विभेद कर्नाटकातून पसरलेल्या शाखेचे दिसतात. ही शाखा इथे आधीच पोचली असावी; म्हणून २०१५-१६ हा कोकणातील आगमनाचा नव्हे, तर निदानाचा काळ समजावा.

हिमॅफायसॅलिस स्पिनिजेरा ही गोचिडाची जाती मुख्य वाहक होय. तिच्या अर्भकावस्थेतील (प्रौढ होण्यापूर्वीच्या) गोचिडांच्या सुळसुळाटाचा काळ आणि काजूचा हंगाम एकमेकांवर येतात; बागायतीतील मजुरांना, सरपण व पातेरा गोळा करणाऱ्यांना त्यामुळे धोका अधिक. अशाच तापाने सुरू होणारा लेप्टोस्पायरोसिस पावसाळ्यात बळावतो, माकडताप कोरड्या महिन्यांत, हा भेद तालुक्याच्या डॉक्टरला उपयोगी पडतो. पण खात्री प्रयोगशाळेतच होते.

आजाराच्या पहिल्या आठवड्यात, क्वचित थोडे पुढेही, विषाणूचा आरएनए रक्तात असतो. तो आरटी-पीसीआरने ओळखतात. चौथ्या-पाचव्या दिवसापासून आयजीएम एलायझा (ताज्या संसर्गाची प्रतिपिंडे शोधणारी चाचणी) उपयोगी ठरते. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने या चाचण्या विकसित केल्या. पीसीआरचे लक्ष्य बहुधा विषाणूचे एनएस५ जनुक असते. नमुना जोखमीचा, त्यात शीतसाखळीने दूर पाठवायचा. म्हणून गोव्यात वेर्णा येथील मोलबायो कंपनीच्या ट्रूनॅट या बॅटरीवर चालणाऱ्या चिप-आधारित यंत्रासाठी खास माकडताप चाचणी तयार झाली, हे विशेष उल्लेखनीय आहे.

एनएस५ प्रथिनात विषाणूच्या प्रती काढणारे विकर असल्याने औषधशोधकांचे लक्षही तिथेच आहे. हेच प्रथिन इंटरफेरॉनचा (शरीरातील विषाणुरोधी प्रथिनाचा) संदेश दडपते. पेशीसंवर्धनात इंटरफेरॉनच्या काही प्रकारांनी आणि काही न्यूक्लिओसाइड-सदृश (आरएनएच्या घटकांसारख्या) संयुगांनी विषाणूची वाढ रोखली. मान्यताप्राप्त विषाणुरोधी औषध अद्याप नाही. उपचार आधारभूत : द्रवसंतुलन व रक्तस्रावावर नजर. मृत्युप्रमाण साधारण ३ ते ५ टक्के सांगतात. फॉर्मॅलिनने निष्क्रिय केलेली जुनी लस कर्नाटकात १९९० पासून दिली जाई. २००५-१० मधील पाहणीत दोन मात्रांची परिणामकारकता सुमारे ६२ टक्के, तर वर्धक मात्रेसह ८३ टक्के आढळली. या लसीचा वापर पुढे थांबला.